चांदा मुलुखाचा दगड, ऊन आणि पाणी

मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांची यादी निघते, तेव्हा चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही दोन नावं तिच्यात हटकून असतात. पारा ४५ अंशांवर गेला तर इथं कोणाला नवल वाटत नाही. ४७ झाला की मात्र दुपारचे रस्ते ओस पडतात. याच चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला दहाएक मैलांवर, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या फ्रान्सिस फेडन यांना चुनखडीचा एक विलक्षण पृष्ठभाग सापडला. दगड घासून गुळगुळीत झालेला, त्यावर समांतर ओरखडे आणि वर लहानमोठ्या गोट्यांचा खच. पोटात दगडगोटे धरलेला बर्फ जमिनीवरून सरकत गेला, तरच असे ओरखडे उठतात. फेडन यांनी १८७५ साली आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. आज जिथं पाखरं उन्हानं झाडाखाली पडतात, तिथं सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या.

पुढं बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यात ग्लोसोप्टेरिससारख्या वनस्पती माजल्या, गाडल्या गेल्या आणि त्यांचा कोळसा झाला. आणखी काही कोटी वर्षांनी दक्षिणेला, प्राणहितेच्या खोऱ्यात, उथळ पाण्यात जाड खवल्यांचे मासे पोहत होते. सिरोंच्याकडच्या कोटा गावच्या चुनखडीतले हे मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच लंडनच्या भूशास्त्रज्ञांपर्यंत पोचले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या खडकांचा बारकाईनं अभ्यास केला. त्याच खडकांत डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेले वृक्षांचे बुंधे निघाले. सिरोंचा तालुक्यातलं वडधमचं जीवाश्म उद्यान त्यासाठीच आहे. एकाच जमिनीवर बर्फ, दलदल, डायनोसॉर आणि आता सागवान. दर वेळी आधी हवा, पाणी आणि जमीन बदलली. कोण टिकणार आणि कोण जाणार हे त्यानंतर ठरलं.

या मुलुखाचा लिहिलेला इतिहास बहुधा बल्लारपूरच्या गोंड राजांपासून सुरू होतो. पण त्या इतिहासाची पहिली गोष्टही पाण्याचीच आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी आणि व्रण होते. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटेच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यापाशी थांबला, ते पाणी अंगाला लागलं आणि व्रण बरे झाले. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं आणि पुढं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसलं, अशी आख्यायिका आहे. व्रण बरे झाले की नाही हे बाजूला ठेवलं, तरी कोरड्या नदीत पाणी कुठं धरून राहतं यावर राजधानीची जागा ठरली, ही आठवण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, हे महत्त्वाचं आहे.

नकाशावर जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, एक दिसत असला, तरी जमिनीत तो कधीच एक नव्हता. पश्चिमेला वरोऱ्याकडं दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. तिथं कापूस आणि ज्वारी. मध्ये गोंडवनाचे वालुकाश्म, कोळसा आणि चुनखडी. आणि पूर्वेला, वैनगंगेच्या बाजूनं थेट बस्तरच्या सीमेपर्यंत, फार जुना कठीण खडक. त्याच्या भेगांत सापडलं तर पाणी, नाहीतर विहीर कोरडी. वरची माती पातळ, कुठं पिवळट, कुठं रेतीमिश्रित. कन्हार, मोरंड, खरडी, वर्डी, बर्डी ही मातीची नावं शेतकऱ्यांनी कधीच ठरवून ठेवली होती. ब्रिटिश काळात जमाबंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती तशीच उचलली आणि त्यांवर सारा बसवला. वर्डीत हलका धान, सखल मोरंडीत भारी धान, बर्डीवर पोटापुरतं काहीतरी. कोणतं पीक कुठं, हे माणसाच्या आवडीवर नव्हतं.

जंगलाचंही तसंच. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या वन अधिकाऱ्याचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१ साली निघालं. त्यानं सागाचं रान आणि सालाचं रान यांच्यातली सीमा न्याहाळली आणि ती पुष्कळ ठिकाणी खडकाच्या सीमेबरोबर चालते असं नोंदवलं. त्याहून सुंदर निरीक्षण पुढचं आहे. सालाच्या रानात बारशिंगा आणि लाल रानकोंबडा, सागाच्या रानात करडा रानकोंबडा. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात मुख्य सालवनापासून तुटलेला सालाचा एक एकटा तुकडा आहे. तिथंही बारशिंगा आणि लाल कोंबडा त्याला भेटले. खडकानं झाड निवडलं आणि झाडानं पाखरू. पुढच्या अभ्यासकांनी हे चित्र थोडं गुंतागुंतीचं केलं. नुसता खडक नव्हे, तर ओल, पावसाचं मान आणि वणवा हेही त्या सीमेवर हात फिरवतात. तरीही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, घोड्यावरून हिंडत, एका माणसानं निर्जीव आणि सजीव यांच्यातला हा धागा पकडला, याचं कौतुक वाटतंच.

साग मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. त्याला निथळणारी, खोल, चुन्याचा अंश असलेली जमीन मानवते. अहेरीच्या जुन्या जमीनदारीतल्या आलापल्लीला ती मिळाली, शिवाय पाऊस गडचिरोलीचा, म्हणजे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणून तिथला साग सरळसोट शंभर फुटांवर जातो. ‘वनवैभव’ म्हणून राखलेला सहाएक हेक्टरांचा तुकडा तिथं कुऱ्हाडीपासून दूर ठेवला गेला आणि २०१४ साली त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा गावोगाव मिरवणुका निघाल्या. त्या लाकडाच्या प्रत्येक वलयात इथल्या एकेका पावसाळ्याचा हिशेब आहे. चांगल्या वर्षी वलय रुंद, दुष्काळात चिंचोळं.

वणव्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या रानात आग हाही हवामानाइतकाच जुना घटक आहे. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते. सागाची ताटाएवढी पानं, तेंदू, धावडा, ऐन यांचा पाला असा घोट्याएवढा थर साचतो आणि मार्चच्या उन्हात कुरकुरीत होतो. त्याच वेळी मोह फुलतो. मोहाची फुलं रात्री सुटतात आणि पहाटेपर्यंत टपटपत राहतात. पांढुरकी, मांसल, गोडसर उग्र वासाची. पाल्यात पडली तर सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला झाडून पेटवायची रीत आहे. ती आग पुष्कळदा झाडाखालीच थांबत नाही. दुसरं कारण तेंदूपत्ता. तेंदूचं झुडूप छाटलं किंवा जळलं, की मुळांतून नवे कोंब फुटतात आणि मे महिन्यात त्यांना कोवळी, मोठी, विडीला हवी तशी पानं येतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेला की रोख पैसे. गडचिरोलीत कित्येक घरांचा वर्षाचा मोठा खर्च या दोन-तीन आठवड्यांवर भागतो.

वन खात्यानं जन्मापासून आगीशी वैर धरलं. सातपुड्यातल्या बोरीच्या रानात कॅप्टन पिअर्सन यांनी १८६०च्या दशकात वणवा रोखण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला आणि पुढं जाळरेषा सगळ्या मध्य प्रांतात गेल्या. पण दरवर्षी जळणाऱ्या रानात कोण जगतं, हेही पाहिलं पाहिजे. सागाचं रोप जळलं तरी मुळातून पुन्हा उठतं. ज्या झाडांना ते जमत नाही, ती हळूहळू कमी होतात. आग पूर्ण थांबवली तर रान एक वळण घेतं, दरवर्षी लागली तर दुसरं. मधली वाट, म्हणजे पाला हातानं गोळा करून मोहाखालची जागा स्वच्छ ठेवणं आणि छाटणी आगीऐवजी कोयत्यानं करणं, ही अनेक ग्रामसभांनी आता स्वतःहून धरली आहे. १८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव बांबूमुळं गाजलं. त्या हक्काचा खरा अर्थ मात्र हाच की रानात आग केव्हा लागेल आणि केव्हा लागणार नाही, हे आता गावच ठरवू शकतं.

उन्हाळा आणखी एक काम करतो. तो सगळ्यांना एका जागी आणतो. ताडोबाचा तलाव, ज्याच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे आणि ज्यात मगरी आहेत, तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. १९५५ साली त्याच्याभोवती राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचं निम्मं कारण हे पाणी आहे. मे महिन्यात वाघ मागचे पाय आधी पाण्यात टाकून मानेपर्यंत बसलेला दिसतो. कुत्र्यामांजरांसारखाच त्यालाही अंगभर घाम येत नाही, म्हणून उष्णता बाहेर टाकायला धाप आणि पाणी हेच उपाय. पण ज्या पहाटेच्या गारव्यात वाघ फिरतो, त्याच गारव्यात मोह वेचणाऱ्या बायका रानात जातात, कारण नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर भागात वाघाच्या हल्ल्यात दगावलेल्यांत मोह आणि तेंदूच्या हंगामातली माणसं पुष्कळ आहेत. त्याकडं केवळ वाघाच्या स्वभावाची गोष्ट म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. दोन्ही जिवांना तापमानानं एकाच घटकेत आणि एकाच ओढ्याकाठी ढकललेलं असतं.

रानम्हैस तर उन्हापुढं आणखी हतबल. काळी, जाड, विरळ केसांची कातडी आणि घामाच्या ग्रंथी थोड्या. दुपारी तिला पाणी किंवा चिखल हवाच. त्याशिवाय काठाचं उंच ओलं गवत हवं. सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्कात, इंद्रावतीच्या अलीकडं, या दोन्ही गोष्टी उरल्या म्हणून महाराष्ट्रातल्या रानम्हशी तिथं उरल्या. २०१३ साली सुमारे १८० चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र त्यांच्यासाठी झालं.

चंद्रपूरच्या उन्हाची कारणं जुनी आहेत. समुद्र दूर, उंची दोनशे मीटरहून कमी, आणि पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे. पण एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली, विसाव्या शतकाच्या आरंभी बल्लारपूरला, आणि १९८०च्या दशकात शहराच्या उत्तरेला औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. आता त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. दलदलीत गाडलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची पानं जाळून राज्याला वीज मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं होतं. पानांवर बसणारी धूळ श्वासरंध्रं बुजवते, प्रकाश अडवते आणि पान तापवते. खाणीचा पोकळ खड्डा भोवतालच्या भूजलाला आपल्याकडं ओढतो. शहरानं राज्याला इतकं दिलं, तर शहराच्या हवेची काळजी राज्यानं आजच्यापेक्षा फार अधिक घ्यायला हवी, हे स्पष्ट म्हणायला हवं.

या सगळ्यात माणसानं एखादा निर्जीव घटक हाताळून सजीवांची भरभराट केल्याचं उदाहरण शोधायचं, तर ते पूर्वेच्या धानपट्ट्यात आहे. पाऊस बाराशे ते पंधराशे मिलिमीटर, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. कठीण खडक तो जिरू देत नाही. उताराची जमीन तो थांबू देत नाही. आणि धानाला पाणी हवं असतं नेमकं पाऊस परततो तेव्हा, हस्ताच्या सुमाराला, निसवण्याच्या दिवसांत. हत्तीचं नक्षत्र कोरडं गेलं की लोंबी पोचट. इथले गावोगावचे तलाव या एका पंधरवड्यासाठी बांधले गेले, असं म्हटलं तरी चालेल.

तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, ही गोंड राजवटीची रीत होती. बांधायचं कसब कोहळी समाजाचं. चांद्याचा एक गोंड राजा काशीच्या यात्रेहून परतताना त्यांना बरोबर घेऊन आला, अशी परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली नोंदवली आहे. कोहळ्यांना धानाबरोबर ऊसही लावायचा होता आणि उसाला बारमाही पाणी हवं. ना दुर्बीण, ना पातळी मोजायचं यंत्र. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची, तिथं मातीची पाळ घालायची, जादा पाणी पाळीला न लागता एका अंगानं निघून जाईल असा सांडवा ठेवायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, त्याचा त्याच्या खालच्याला, आणि मधल्या उतारावर बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, पायऱ्या. कठीण खडक पाणी जिरू देत नाही ही अडचण होती. कोहळ्यांनी तिलाच तळ केलं.

पाणी थांबल्यावर काय काय आलं ते मोजायला बसलं तर दमायला होतं. काठाच्या ढोपरभर पाण्यात देवधान, म्हणजे जंगली भात. त्याच्या आत कमळ आणि शिंगाडा. त्याहून खोल, जिथं उजेड जेमतेम पोचतो तिथं पाण्याखालचं शेवाळ आणि गवतं. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मरळ आणि मागूर सांडव्यातून, पाटातून बांध्यांत चढतात आणि उथळ, ऊबदार पाण्यात अंडी घालतात. चढणीच्या माशांचे ते चार दिवस गावात सणासारखे असतात. हिवाळ्यात पाणी उतरलं की उघड्या चिखलावर पाणपक्षी. धान कापायच्या आधीच बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोळी टाकतात, तिला वेगळं पाणी लागत नाही. मासेमार ढिवरांची जाळी, गुरांचं पाणी, घरचं धुणं, सारं त्याच तलावावर. याच पट्ट्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतातल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या आणि त्यांतून एचएमटी तांदूळ आला.

ब्रिटिश काळात गावं सारा भरणाऱ्या मालगुजारांकडं गेली, तलावही गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दाखवून दिलं की सलग दोन वर्षं पाऊस हुकला तर लहान तलाव तग धरत नाहीत. त्यानंतर सरकारनं नागभीडजवळचा घोडाझरी आणि सावली तालुक्यातला आसोलामेंढा असे मोठे तलाव बांधले. मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव. पूर्व विदर्भात ते सहा-सात हजारांच्या घरात आहेत. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे खात्याकडं. मालक गेला, पण पाळीवर दरवर्षी माती टाकायची, सांडव्याचे दगड बसवायचे, ही कामं कोणाची ते ठरलं नाही. पाळींवर झुडपं वाढली, पोटात गाळ भरला, काठावर अतिक्रमणं झाली, बेशरम ही तणवनस्पती माजली. दरम्यान १९८८ साली वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं आणि शासनाचं लक्ष मोठ्या कालव्यांकडं वळलं.

गेल्या काही वर्षांत तलावांकडं पुन्हा लक्ष जातं आहे, ही आनंदाची गोष्ट. पण दुरुस्ती म्हणजे यंत्र लावून गाळ उपसणं, एवढाच अर्थ रूढ झाला आहे. यंत्र खड्डा उभ्या काठांचा करतं. पाणी जास्त साठतं खरं, पण ढोपरभर पाण्याचा उतरता काठ जातो. आणि उजेड, ऊब आणि प्राणवायू सगळ्यात जास्त त्या काठालाच असतो. देवधान तिथंच उगवतं, मरळ तिथंच अंडी घालते. शिवाय उपसलेल्या गाळाबरोबर पाणवनस्पतींची बियाणी आणि कंदही शेतात जाऊन वाळतात. मग त्या तलावात बाहेरून आणलेलं कटला-रोहूचं बीज सोडतात, आणि ते संपलं की पुन्हा सोडतात, कारण तिथं आपसूक वाढणारं काही उरलेलं नसतं.

शेजारच्या भंडारा-गोंदियात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाबरोबर उलटा क्रम धरला आहे. आधी बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, पावसाच्या तोंडावर चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती उथळ पट्ट्यात हातानं लावायच्या, मग देशी मासे. ही कामं पुष्कळशी बायका करतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांसाठी यापुढं जी अंदाजपत्रकं होतील, त्यांत किती घनमीटर गाळ काढायचा याच्या शेजारी काठाचा उतार किती ठेवायचा, कोणता पट्टा खणायचा नाही आणि गाळ काढायच्या आधी कोणती झाडं उचलून बाजूला जगवायची, हेही लिहिलेलं असलं पाहिजे. ढिवरांच्या संस्थेला आणि ग्रामसभेला ते माहीत असतं. विचारायला जायचं तर मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना जावं. तेव्हा प्रत्येक पट्ट्याची खोली पाळीवर उभं राहून दाखवता येते.